धुऱ्यावरचे दोन कडुनिंब

केनवडजवळ दौलतरावांच्या शेताच्या धुऱ्यावरचे दोन कडुनिंब रिसोडचे लाकूड व्यापारी सैफुद्दीनशेठ यांनी पाडायला घेतले. एक जानराव पेट्रोलवरच्या जुन्या साखळी-करवतीच्या मशीनने पाडणार होता, दुसरा शेठचा धाकटा भाऊ तौसीफ नव्या मशीनने. जुनी अडतीस हजारांची, नवी साडेआठ हजारांची. नवी परवडली तर शेठ आणखी तीन घेणार होते.

जानरावचं झाड चौदा मिनिटांत आडवं झालं, तौसीफचं अकरा मिनिटांत. पेट्रोलही नवीला कमीच लागलं.

"पाह्यलं का जानरावभाऊ?" शेठ खुशीत म्हणाले.

वीस वर्षं झाडं पाडणारा जानराव नव्या मशीनकडे बघत होता. तौसीफने खटक्यावरून बोट काढलं होतं, तरी साखळी हळूहळू फिरतच होती.

"शेठ, हे थांबून नाही राह्यली. ब्रेकबी लागत नाही."

"नवी हाय. चालली का बसते सारं."

"मी नाही चालवत इले."

"तुमाले कोन म्हन्लं?" तौसीफ हसला आणि फांद्या छाटायला आडव्या खोडावर चढला.

जानरावने आपली मशीन बंद केली. मजुरांना मागं सरायला सांगितलं आणि तौसीफच्या पायांकडे नजर लावून उभा राहिला. पाल्याआडच्या फांदीला पात्याचं टोक लागलं. मशीन उसळली, तौसीफ घसरला आणि फिरती साखळी त्याच्या मांडीत शिरली. जानरावने धावत जाऊन बटण बंद केलं, दुपट्ट्याने मांडी करकचून आवळली. सैफुद्दीनशेठनी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

तौसीफ वाचला. पाय मात्र गुडघ्यात वाकेना.

पंधरवड्याने जानराव दुकानात गेला तेव्हा ती मशीन तिथं नव्हती.

"आसेगावच्या लखनले देली. अर्ध्या किमतीत," शेठ म्हणाले.

"सांगतलं का त्याले?"

शेठनी हिशेबाची वही पुढं ओढली.

जानराव तडक एसटीत बसला. दुपारी आसेगावला उतरला, विचारत विचारत शेतात पोचला. लखन एका बाभळीखाली मशीन पुसत होता. जानरावने त्याला तौसीफचं सारं सांगितलं, फिरत राहणारी साखळीही दाखवली. लखनने शांतपणे ऐकून घेतलं.

"एवढ्या सस्त्यात दुसरी कोन देते, भाऊ? मी जपून चालवतो," तो म्हणाला आणि त्याने मशीन सुरू करायची दोरी ओढली.

परतीची एसटी निघून गेली. जानराव बांधावर बसून राहिला, लखनचे पाय दिसतील असा.