पाचच्या आत

तपासणीवाल्या बाई सकाळी नऊच्या ठोक्याला नव्या घराच्या दारात उभ्या राहिल्या आणि वहिनी पदराला हात पुसत पुढे झाल्या.

घर दोघा भावांनी मिळून बांधलं होतं. थोरला गवंडी, धाकटा प्लंबर. वहिनी थोरल्याची बायको. भाड्याची जागा शनिवारी सोडायची होती. तिथे ओलीने काळ्या पडलेल्या भिंतीपाशी खोकत बसलेले मामंजी या घराकडे डोळे लावून होते. घराला ऊर्जेची 'ब' श्रेणी मिळाली, तरच राहायची परवानगी. आणि आज होता मंगळवार.

"पण 'ब' तर आधीच मिळालीय ना?" वहिनींनी हळूच विचारलं.

"ती आराखड्यावरची, ताई," बाई म्हणाल्या. "भिंती किती जाड, छतावर ऊब धरणारा थर किती, काच एकेरी की दुहेरी, पाणी कशावर तापणार, हे मांडून काढलेली. फटींतून हवा किती गळेल, ते तेव्हा अंदाजाने धरतात. आता घर उभं आहे, तर मोजायचं. तुम्ही दिवे जपून वापरता की उधळता, याच्याशी श्रेणीला देणंघेणं नाही. श्रेणी घराची, माणसांची नव्हे."

"वाचलो!" थोरला म्हणाला. "नाहीतर आमच्या या धाकट्या साहेबांपायीच गेली असती. दिवा लावायचा माहीत, मालवायचा नाही."

वहिनी वरच्या खिडक्या लावायला गेल्या. खाली बाईंनी दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं, त्यात मोठा पंखा अडकवला.

"न्हाण्यांतल्या जाळ्यांखालच्या ट्रॅपमध्ये पाणी आहे ना?"

"परवा माझ्या हाताने भरलंय," धाकट्याने छातीठोक सांगितलं.

पंखा घरातली हवा बाहेर ओढू लागला. जितक्या फटी, तितकी बाहेरची हवा आत शिरणार. तासाभरात घरातली सगळी हवा किती वेळा बदलेल, तो आकडा पंख्याला जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर उमटणार. पाचच्या आत आला तर 'ब'.

वहिनी जिना उतरून आल्या, तेव्हा आकडा स्थिरावला होता. पाच पूर्णांक आठ.

"तुझ्या पाइपांची भोकं!" थोरला कडाडला.

"आणि तुझं प्लास्टर काय देवाने लिंपलंय?"

"अहो, ऐकलंत का," वहिनी म्हणाल्या, "आधी बघू तरी." आवाज नेहमीसारखाच मऊ होता, मनात मात्र हिशेब सुरू झाला होता. प्लास्टर फोडायची वेळ आली, तर शनिवारी मामंजींना न्यायचं कुठे?

बाईंनी धुराची कांडी पेटवली. खिडक्यांपाशी धूर सरळ वर गेला. विजेच्या बटणांपाशी जरासा हलला, इतकंच. न्हाणीघरात जमिनीतल्या जाळीजवळ कांडी नेली मात्र, धूर फुंकर मारावी तसा उधळला. पाठोपाठ गटाराचा भपकारा आला.

धाकट्याने जाळी उचलली. आत टिपूस नव्हता.

"शप्पथ सांगतो, भरलं होतं! दोन दिवसांत इतकं आटतं का कुठे?"

वहिनींचा चेहरा उतरला. "भावजी... ते पाणी तुम्ही भरलेलं होतं?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, साचलंय. डास होतील म्हणून काल कपाने उपसलं. मग फडक्याने पुसून घेतलं. तिन्ही न्हाण्यांतलं."

धाकटा भिंतीला टेकून हसत सुटला. "वहिनी, वीस वर्षं नळकाम करतोय. ट्रॅप पुसणारं माणूस आज पाहिलं!"

"त्या पाण्यानेच गटाराची हवा अडते, ताई," बाई म्हणाल्या. "भरा, आणि पुन्हा मोजू. पण तेवढ्यावर भागेलच, असं नाही सांगत."

वहिनींनी कोणाला हात लावू दिला नाही. बादली स्वतः उचलली, तिन्ही जाळ्यांत पाणी ओतलं आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ओठ तेवढे हलत होते. पंखा पुन्हा घुमू लागला. थोरल्याने तेवढ्यात तीनदा घसा खाकरला.

"चार पूर्णांक सात," बाई म्हणाल्या. "घर छान बांधलंय हो तुम्ही. 'ब' पक्की. दाखला उद्या मिळेल."

भाऊ एकमेकांकडे न बघताच हसले. वहिनी तिथेच पायरीवर बसल्या. थोरल्याने फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"मामंजी," त्या म्हणाल्या. "शनिवारी निघायचं. औषधांची पिशवी तेवढी जवळ ठेवा, बाकीचं आम्ही बघतो."

पलीकडून खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर प्रश्न आला, "माझ्या खोलीत ऊन कुठल्या बाजूने येतं गं?"

"पूर्वेकडून," वहिनी म्हणाल्या. "थेट तुमच्या पलंगावर."