अग्नीचा वाटा

"या जगात आपसूक नाहीसे काहीच होत नाही," असे बजावून भिकाजींनी चुन्याचे शेवटचे पोते काट्यावर चढवायला लावले. काटा थरथरला आणि थांबला. भट्टीत घातलेल्या शिंपल्यांचे जवळजवळ निम्मे वजन आपसूक नाहीसे झाले होते.

देवळाच्या अंगणात जमलेल्यांनी माना पुढे काढून काटा पाहिला. दीपमाळेला सिमेंट नको, जुन्या पद्धतीचा शिंपल्यांचा चुनाच हवा, असे ठरल्यापासून सगळा गाव देवीसाठी झटत होता. म्हणजे खाडीतल्या तिसऱ्या शिंपल्यांचे सुके खात होता. घराघरामागे शिंपल्यांच्या राशी लागल्या होत्या. भट्टी लावणारा बाबली आजवर टोपल्या मोजायचा. शिंपले टोपलीने आत, चुना टोपलीने बाहेर. कोणाचे काही अडले नव्हते. पण मुंबईच्या गोदीत आयुष्यभर मालाची वजने पडताळून भिकाजी गावी परतले, जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी काटा आणला.

"बाबली, बाकीचो माल खंय?"

"भट्टयेन खाल्ल्यान."

"भट्टयेन?"

"अग्नीचो वाटो आसता तो, भिकाजीनू. माझो आजो पण ह्याच सांगायचो."

गोदीत साखर उंदरांनी, तेल उन्हाने आणि एकदा तर लोखंडी सळ्या खाऱ्या हवेने खाल्ल्याचे भिकाजींनी ऐकले होते. दर वेळी खाणाऱ्याला दोन पाय निघाले होते. बाबलीने डोक्याचा टॉवेल सोडला आणि पुन्हा बांधला. भिकाजींनी तेही ध्यानात ठेवले.

"तुझो आजो पण भट्टीच लावायचो मां?" त्यांनी विचारले. "मगे तेका म्हायत आसतलाच."

निम्मी रास अजून भाजायची होती. भिकाजींनी शिंपले तोलून आत घातले, भट्टीभोवती जाळी मारून घेतली आणि स्वतःचे कुलूप लावले. बाबलीने त्यांच्या देखत आग घालायची आणि रिकाम्या हातांनी घरी जायचे, असे ठरले. मग धूर येणार नाही अशा बाजूला खुर्ची टाकून ते बसले. सचोटी ही त्यांची एकमेव मिळकत होती आणि ती गावाला एकदा नीट दाखवायची संधी आली होती. विनीता, त्यांची बायको, जेवण घेऊन आली तर तिलाही त्यांनी जाळीबाहेर थांबवले. परतताना तिचा रिकामा डबा उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी डब्यात लोणचे नव्हते.

भट्टी निवली. वजनाला सगळा गाव आला, एकही शिंपला न दिलेलेही आले. भिकाजींनी कोणाला हात लावू दिला नाही. पोती स्वतः भरली, स्वतः चढवली. काटा पुन्हा तिथेच, निम्म्याच्या जरा पुढे थांबला. त्यांनी पोती उतरवली, काटा पुसला, पोती पुन्हा चढवली. काट्याने मत बदलले नाही.

सगळ्यांत मोठी रास शेवंतीच्या घरची होती. बोलायचा पहिला मान तिने घेतला.

"कुलूप तुमचा, चावी तुमची, राखणय तुमचीच. मगे ह्यो वाटो अग्नीचो, की अध्यक्षांचो?"

मागे कोणीतरी हसले. भिकाजींनी तोंड उघडले. पण 'भट्टयेन खाल्ल्यान' याखेरीज काही सुचेना, आणि ते तर बाबलीचे म्हणणे होते. त्यांनी तोंड मिटले.

"ऱ्हवांदे गो, शेवंते," बाबली हळूच म्हणाला. "वय झाला तेंचा."

एवढ्या समजूतदारपणाने कोणी आपल्याला माफ करील, असे भिकाजींना कधी वाटले नव्हते. गर्दीने त्यांना वाट करून दिली. जरा जास्तच रुंद.

घरी आल्यावर विनीताने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पुढचे दार लोटले, मागचेही लोटले आणि जवळ येऊन बसली.

"मी कोणाक सांगूचंय नाय," ती म्हणाली. "पण माका तरी खरा सांगा. खंय ठेवलात?"

तिचा आवाज मायेचा होता.

शिंपले पुरेसे तापले की त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, आणि शंभर किलोंचा छप्पन्न किलो चुना उरतो.