सात चाळीसची पाटी

मी वरवट बकालच्या थांब्यावरची एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मित्रांनो, पेंटरने माझ्या निळ्या अंगावर सुबक अक्षरांत लिहिले होते: ‘शेगाव – सकाळी ७.४०’. मला वाचून लोक थांबायचे की जायचे ते ठरवत. याचा मला फार अभिमान होता.

एके दिवशी छाया आली. नऊ वाजता शेगावच्या कॉलेजात तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. समोर पुंजाजींची शेगावला जाणारी प्रवासी जीप भरत आली होती.

“बसतं का व पोरी? एकच जागा राह्यली.”

“नाही काका, सात चाळीसची बस हाय. पाटीवर लिवलं हाय ना.”

“पाटी काय तुले परीक्षेले नेऊन देते?”

जीप गेली. बस आठ पंचविसाला आली. छाया पोहोचली तेव्हा प्रयोगशाळेचे दार बंद झाले होते. मी खोटे बोलले नव्हते, पण पुरते खरेही सांगितले नव्हते.

पुढे अर्पिता नावाची एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. प्रवासी वाहन कसे निवडतात, याचा ती अभ्यास करत होती. तिने थांब्यावर आलेल्या कौशल्याबाईंना विचारले, “बस बरी की जीप?”

“बसच बरी, माय. पाय मोकळे राह्यते,” म्हणत त्या जीपमध्ये चढल्या.

“मग जीपमधी काऊन?”

“बसचा काई नेम हाय का? जीप भरली का सुटते. थे डोयानं दिसते.”

अर्पिताने प्रश्न थांबवले आणि वीस दिवस रोज सकाळी घड्याळ घेऊन बसली. सरासरी उशीर जेमतेम बारा मिनिटे निघाला. पण परीक्षा काही सरासरी दिवशी नसते. म्हणून तिने माझ्यावर खडूने लिहिले: ‘२० दिवस पाहिले. १७ दिवस बस आठच्या आत. ३ दिवस सव्वाआठनंतर.’

छायाला परीक्षेची दुसरी तारीख मिळाली. त्या सकाळी तिने मला शेवटपर्यंत वाचले.

“काका, जागा धरा!”

“काऊन व? आज पाटीवर भरवसा नाही?”

“पाटीनंच सांगतलं.”

त्या दिवशी बस सात बेचाळीसला आली. तरीही छायाचे चुकले नव्हते. मला सोडून ती गेली, याचा मला आनंदच झाला.

आता खडू पुसट झाला आहे. मित्रांनो, ती ओळ जपा. पण नुसती गिरवू नका. आधी पुन्हा मोजा.