आमेदेओने मला बेटावर नेले

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. इटलीतल्या ओर्ताच्या तळ्याकाठी, डोंगरातल्या लार्चच्या लाकडातून माझा जन्म झाला. मला घडवणारा एर्सिलिओ स्वभावाने तिरसट, पण त्याच्या हाताला तोड नव्हती. शेवटची फळी बसवल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बये. बुडलीस तर नाव माझं जाईल."

मी बुडाले नाही. वर्षानुवर्षे मासे वाहिले, समोरच्या सान जुलियो बेटावरच्या मठात पिठाची पोती पोचवली, नवऱ्या मुली नेल्या. नवरीवर उधळलेले तांदूळ कित्येक दिवस माझ्या फटींत अडकून राहत. लोक म्हणत, हिच्यात बसले की पाय ओला होत नाही. मी फुगून जाई.

मग मोटारबोटी आल्या. एर्सिलिओ गेला. त्याच्या मुलीने, ओत्तावियाने, पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आणि मला अंगणात भिंतीशी पालथे ठेवले. माझ्या पाठीवर मांजरे झोपत. पाहुणे माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालत. मी आतून सुकत गेले, तडकत गेले.

एका मे महिन्यात तूरीनहून तिघे आले. आमेदेओ, त्याची बायको निवेस आणि मुलगी फुल्विया. आमेदेओ तरुणपणी पो नदीवर वल्ही मारणारा पट्टीचा गडी होता. दोन वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली. त्यानंतरची ही त्यांची पहिलीच सहल.

संध्याकाळी ते माझ्याशेजारच्या टेबलावर चार दिवसांचा बेत आखायला बसले.

"उद्या टेकडीवरची देवळं," निवेस नकाशा उलगडत म्हणाली. "दुपारी चौकात जेवू. परवा बेट."

"देवळांत काय आहे?" आमेदेओने विचारले.

"पुतळे. पण ते जाळीच्या आड आहेत. हात लावता येत नाही."

"वा! म्हणजे मला जाळी. आणि बेटावर?"

"चर्चच्या भिंतींवर जुनी चित्रं..." निवेस अडखळली.

"छान. तुम्ही चित्रं बघा. मी दाराशी उभा राहतो, छत्रीसारखा."

फुल्विया आईच्या कानाशी पुटपुटली, "मी सांगत होते ना, उगाच आणलं बाबाला."

"बाबा आंधळा झालाय पोरी, बहिरा नाही," आमेदेओ म्हणाला आणि उठला.

भिंत चाचपत तो खोलीकडे निघाला आणि त्याचा हात माझ्यावर पडला. तो थांबला. त्याचा तळवा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, कडेवरून टोकापर्यंत फिरत गेला. इतक्या वर्षांत मला असे कुणी पाहिले नव्हते.

"ही तर होडी आहे! ओत्तावियाबाई, हिची वल्ही आहेत का हो?"

"आहेत की, माळ्यावर. पण आता पाण्यात घातली तर चाळणी होईल हो. फटी बुजवून दोन दिवस काठाशी बुडवून ठेवली तर फळ्या फुगतील कदाचित. आत्ताच काही सांगता येत नाही."

"बाबा, तुला दिसत नाही!" फुल्विया ओरडली.

"अगं, वल्हवणारा पाठमोराच बसतो. पुढचं डोळसालासुद्धा दिसत नाही. समोर बसून सांगणारं माणूस लागतं. काय गं निवेस? लग्न झाल्यापासून मला डावं-उजवं सांगतेयस, आणखी एक दिवस सांगशील?"

निवेसने नकाशाची घडी घातली. "नवीन बेत," ती म्हणाली. "आधी होडी."

दुसऱ्या दिवशी आमेदेओची बोटे माझी एकेक फट शोधत गेली. त्याने त्यांत ताग ठासला, ओत्तावियाने वरून गरम डांबर ओतले. मग दगड घालून मला काठाशी बुडवले. धक्क्यावरचे मोटारबोटवाले खिदळले.

"काय ओत्ताविया, मासे पाळतेस का?"

"हो. एक बेडूकही हवाय. येतोस?"

मित्रांनो, त्या दोन दिवसांत मी पोटभर पाणी प्याले. माझ्या फळ्या एकमेकींना घट्ट बिलगल्या. तरी धाकधूक होतीच. उपसून झाल्यावर सगळे वाकून माझ्या तळाकडे पाहत राहिले. तळ कोरडाच राहिला! ओत्ताविया कडेवर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाबांच्या हातची आहे ती."

तिने तिघांना तरंगणारी जाकिटे चढवली. फुल्विया काठावर हाताची घडी घालून उभी होती, पण दोर सुटताच टुणकन आत उडी मारून माझ्या टोकाशी बसली.

पहिल्याच फटक्याला वल्हे खांबावर आपटले. धक्क्यावर हशा पिकला. आमेदेओने मान खाली घातली. मग त्याने खोल श्वास घेतला, पाय टेकवले आणि दोन्ही वल्ही एकदम ओढली. मी बाणासारखी सुटले!

"जरा तुझ्या उजवीकडे," निवेस सांगत होती. "आता सरळ. असंच."

मध्यावर एक मोठी बोट जोरात शेजारून गेली. "तुझ्या डावीकडून लाट!" निवेस किंचाळली. आमेदेओने एका वल्ह्याने मला गर्रकन वळवले. मी लाटेला तोंड दिले, वर चढले, धाडकन उतरले, पुन्हा चढले. फुल्विया आधी ओरडली, मग मोठमोठ्याने हसू लागली.

बेटाजवळ आमेदेओ स्वतःच थांबला. "भिंत आली. पाण्याचा आवाज परत येतोय." पुढचा एकच हलका फटका, आणि मी पायऱ्यांना पानासारखी टेकले. त्याने ओल्या पायरीवर हात ठेवला. "पाहिलं!" तो गरजला. "बेट पाहिलं मी!" निवेसने त्याचे घामेजले डोके छातीशी धरले.

परतलो तेव्हा मोटारबोटवाले धक्क्यावर उभे होते. टोप्या काढून मान दिला तरी त्याला दिसणार नाही, हे त्यांना उमगले असावे. त्यांनी सगळ्या बोटींचे भोंगे एकदम वाजवले. सारे तळे दणाणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुल्विया वल्ह्यांवर बसली. मी जागच्या जागी गोल गोल फिरू लागले.

"वल्हं मारतेस की मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटतेस?" आमेदेओ म्हणाला. "थांब. माझ्या हातावर हात ठेव."

मित्रांनो, लाकडाची होडी नुसती ठेवून दिली तर तडकते, पाण्यात राहिली तर टिकते. मला वर्षातून एकदा डांबर द्या आणि भरपूर काम द्या. आणि तुमच्या माणसाला सहलीला न्याल, तेव्हा त्याला काय दाखवायचे हे आपणच ठरवून टाकू नका. आधी विचारा, तुला काय करायचे आहे? उत्तर वल्हवायचे आहे असे आले, तर सरळ धक्क्यावर या.