पिपरबोडी गप्प बसते

मनसारामची अर्धी मिशी जळाली, आणि तिथून पिपरबोडीत गॅसच्या विहिरीचा विषय पेटला.

पिपरबोडी म्हणजे चंद्रपूरच्या अंगाचं, जंगलाला पाठ लावून बसलेलं गाव. पुढे तलाव, तलावाचं पाणी अडवणारी मातीची लांबलचक पाळ, आणि पाळीच्या टोकाला कंपनीनं खोदलेली विहीर. ही विहीर पाण्याची नव्हे. खाली खूप खोल कोळशाचे थर आहेत आणि त्या थरांत गॅस कोंडलेला आहे, तो वर आणण्यासाठी जमिनीत उतरवलेला लोखंडी पाइप. भोवती तारेचं कुंपण आणि पाळीच्या गावाकडच्या टोकाला पत्र्याची केबिन, एवढाच पसारा.

मनसाराम गावातल्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. एके सकाळी तो डोंग्यात, आपल्या लहानशा होडीत, बसून जाळं सोडवत होता. विहिरीजवळच्या कोपऱ्यात त्याला पाण्यावर बुडबुडे दिसले. त्यानं वाकून पाहिलं. बिडी पेटवायला काडी ओढलीच होती, ती तशीच बुडबुड्यांजवळ नेली. भप्पकन निळा जाळ उठला. मनसाराम मागच्या मागे डोंग्यात पडला आणि उठला तेव्हा डावीकडची मिशी गेलेली होती.

घरी बायकोनं, प्रेमिलाबाईनं, त्याच्याकडे निरखून पाहिलं. "दोन्ही बाजू तरी जाळाच्या होत्या. सारख्या दिसल्या असत्या."

प्रेमिलाबाई नुसती त्याची बायको नव्हती, गावची सरपंचही होती. नवऱ्याला घेऊन ती तडक केबिनवर गेली.

केबिनमध्ये संघप्रिया होती. मूळची आरमोरीची, नागपुरात इंजिनिअर झालेली, आणि गेल्या पावसाळ्यापासून या विहिरीवर नेमलेली. तिचं काम विहिरीचं ऐकायचं. पाइपाच्या बाहेरून, सिमेंटमध्ये बसवलेली केसाएवढी बारीक काचेची तार खालपर्यंत गेली होती. तीच तार वर येऊन पाळीच्या मातीखालून केबिनपर्यंत आलेली होती. केबिनमधलं यंत्र तारेत उजेड सोडायचं. तार जिथं जराशी हलेल, तिथून परत येणारा उजेड जरासा बदलायचा, आणि हालचाल नेमकी कुठे झाली ते पडद्यावर रेघेनं उमटायचं. तार कुठे गार झाली, कुठे तापली, हेही कळायचं.

"मॅडम, तुमची विहीर गॅस सोडून राह्यली. हे पाहा," म्हणत मनसारामनं तोंड पुढे केलं.

संघप्रियानं हसू आवरलं. "भाऊ, तलावाच्या चिखलातूनही गॅस निघते ना. पाला कुजला का बुडबुडे येते. तेही असेच पेटते."

"जलम गेला माहा या तलावात. मले चिखल नका शिकवू. तलावातले सारेच बुडबुडे तुमच्या विहिरीचे हाय."

संघप्रियानं त्याला विहिरीत काही बिघाड नाही असं ठामपणे सांगितलं. तो गेल्यावर मात्र तिनं यंत्र पुन्हा पाहिलं. जमिनीखाली फार खोल नाही अशा एका जोडापाशी पाइप आजूबाजूपेक्षा किंचित गार दिसत होता. दाबातला गॅस फटीतून सुटला की तिथं गारवा येतो. पण एवढासा गारवा वरून झिरपणाऱ्या पाण्यानंही येऊ शकतो. गॅस सुटत असेल तर तिथं बारीक सूं आवाज असणार, आणि तो आवाज तार पकडणार. पण तो ऐकायचा कसा? जोड वरच्या बाजूला, आणि वर गाव. धानाची गिरणी, मोटारपंप, ट्रॅक्टर, पाळीवरून जाणारी माणसं, या सगळ्यांचा थरथराट जमिनीतून थेट पाइपात उतरत होता. पडद्यावर नुसता गोंधळ.

तिनं पुण्याच्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "आवाज पक्का ऐकून घ्या, मग बोलू." बोलणं रास्त होतं. तरी संघप्रियाला वाटत होतं, तो आवाज नसावाच. विहीर तिची होती. तिनंच तर मघाशी मनसारामला तोंडावर सांगितलं होतं.

त्यात तिचा सहकारी प्रवीण चहाच्या टपरीवर बोलून बसला. "आमची तार सारं ऐकते," असं त्यानं ऐटीत सांगितलं. तार काय ऐकते, ते सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून पाळीवरची बोलणी बंद झाली. धुणं घेऊन निघालेल्या बाया पाळीच्या सुरुवातीला तोंड मिटायच्या, आणि पाळ संपली की राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. कोलू नावाचा एक गडी सासऱ्याला शिव्या देत चालायचा. त्यानं रस्ताच बदलला, चिखल तुडवत बांधावरून जाऊ लागला. उलट म्हातारे देवराव, जंगल खात्यातून रिटायर झालेले, रोज पाळीवर येऊन बसायचे आणि मातीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचे, "साहेब, ऐकून राह्यले का? गावचा रस्ता कधी करता?"

शेवटी प्रेमिलाबाईनं गावात मांडव घालून ग्रामसभा बोलावली. संघप्रियानं केबिनमधल्या यंत्राला जोडलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि प्रवीणला पाळीवर पाठवलं. तो तिथं एकेकाला चालायला लावी आणि ती इकडे पडद्यावर पाहून सांगे. सायकल ओळखली. बैल ओळखला. मग ती म्हणाली, "आता कोनीतरी जड पावलाचं येऊन राह्यलं. मधी थांबलं. पुन्हा निघालं."

थोड्या वेळानं देवरावांच्या बायको बायनाबाई धापा टाकत मांडवात आल्या. सभा हसायला लागली.

"काऊन हासता?" बायनाबाईंनी विचारलं.

"मॅडमनं तुमची चाल वळखली," कोलू म्हणाला. "जड पावलाची बाई म्हने."

"जड?" बायनाबाई कमरेवर हात ठेवून संघप्रियासमोर उभ्या राहिल्या. "अन् माही जीभ वळखली का नाई तुह्या तारेनं?"

"नाई बाई. तिले पाय समजते, तोंड नाई समजत."

हे ऐकून बऱ्याच जणांचे चेहरे सैल झाले. देवरावांचा तेवढा पडला.

मग संघप्रिया मुद्द्यावर आली. "मले अर्धा तास पाह्यजे. दुपारी. गिरनी बंद, मोटारी बंद, ट्रॅक्टर बंद. कोनी चालाचं नाई, कांडाचं नाई, काही आपटाचं नाई. विहिरीतून गॅस निघते का नाई, तेवढ्यात समजन."

"अन् म्हशीले कोन सांगन?" कोलूनं विचारलं.

"म्हशी जंगलाकडं न्या."

"खोकला आला त?" देवराव.

"खोकला चालन."

प्रेमिलाबाई उठली. "उद्या जेवन झाल्यावर सारं गाव या मांडवात येऊन बसन. कोनी उठलं त माह्याशी गाठ हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिपरबोडी खरंच येऊन बसली. पोरांना आयांनी मांडीवर दाबून धरलं. गिरणी थांबली, मग एकेक मोटार थांबली. सगळ्यात शेवटी कोणाचा तरी लाउडस्पीकर गप्प झाला, आणि गावावर कधी नव्हे ती शांतता उतरली. इतकी, की जंगलात मोहाच्या झाडावर चोच मारणारा सुतार पक्षी मांडवात ऐकू येऊ लागला. लोक एकमेकांकडे बघू लागले. बायनाबाईंना हसू आलं, त्यांनी तोंडात पदर कोंबला.

केबिनमध्ये पडद्यावरचा गोंधळ हळूहळू विरघळला. संघप्रिया पुढे सरकली. त्या जोडापाशी काहीतरी होतं. फिकट, सरळ, न थांबणारं.

आणि तेवढ्यात पाळीवर पावलं उमटली.

थोडी चालली, थांबली, परत चालली. नंतर खर्रर्र करून असा काही थरथराट आला की पडद्याचा अर्धा भाग भरून गेला. ती फिकट रेघ त्यात बुडाली.

संघप्रियानं प्रेमिलाबाईला फोन लावला. "बाई, पाळीवर कोन हाय?"

प्रेमिलाबाईनं मांडवावर नजर फिरवली. सगळे होते. कंबर धरली म्हणून घरी निजलेला तिचा नवरा तेवढा नव्हता. ती उठली. तिच्यामागे, हुकूम विसरून, सारं गाव उठलं.

मनसाराम विहिरीजवळच्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. कमरेचं दुखणं कुठे दिसत नव्हतं. डोंगा त्यानं दगडांवरून ओढत काठाला आणला होता, आणि डोंग्यात मरळ मासे उड्या मारत होते.

"हे काय करून राह्यले?" प्रेमिलाबाई ओरडली.

मनसारामनं जाळं सोडलं नाही. डोळे चमकत होते. "अवो, अशी चुप या तलावाले कधी भेटली होती का? मरळ काठाले येऊन निजल्या होत्या! हातानं उचलाव्या अशा!"

"गॅसची बोंब कोनं मारली होती? तुमीच ना?"

"मीच. पन मासा पाह्यला अन् मले राह्यवलंच नाई."

मागून कोणीतरी खिदळलं आणि मग पाळीवर हसण्याचा असा लोंढा आला की केबिनमध्ये प्रवीणनं यंत्र बंद करून टाकलं. संघप्रिया तणतणत बाहेर आली, पण बायनाबाईंनी तिचा हात धरला आणि संध्याकाळी जेवायला येशील तरच सोडीन म्हणाल्या. मासे अख्ख्या गावात वाटले गेले. मरळीच्या रश्श्यानं संघप्रियाचा राग निवला. तिखटानं नाक पुसत तिनं विचारलं, "उद्या पुन्हा बसान का?"

"बसू," प्रेमिलाबाई म्हणाली. "पन हे माह्यापाशी नाई, तुह्यापाशी बसन. नजरेसमोर."

म्हणून दुसऱ्या खेपेला मनसाराम केबिनमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर होता, हात मांडीवर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. गाव मांडवात. पुन्हा तीच शांतता आली. पुन्हा ती रेघ दिसली. या वेळी ती राहिली.

"हे काय?" मनसाराम कुजबुजला.

"थांबा." संघप्रियानं प्रवीणला विहिरीतला दाब कमी करायला सांगितलं. रेघ फिकी होत गेली. दाब पुन्हा वाढवला, रेघ पुन्हा उमटली. वरून झिरपणारं पाणी असं वागत नाही. गॅसच होता. जोडातून सुटत होता आणि मातीतून वाट काढत तलावाच्या कोपऱ्यात निघत होता.

"तुमचं खरं निघालं, भाऊ," ती म्हणाली. "मी तुमाले नाई म्हनलं होतं. माहं चुकलं."

मनसाराम आता फुशारक्या मारेल असं तिला वाटलं. पण तो पडद्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "सारेच बुडबुडे विहिरीचे ना?"

"नाई. या कोपऱ्यातले. बाकी चिखलाचे."

"हे काई मी मानत नाई."

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणखी आठवडाभर डेटा घेऊ, मग ठरवू."

"सर, डेटा बंद विहिरीतूनही घेता येतो," संघप्रिया म्हणाली. "मी विहीर आज बंद करतेय."

साहेबांनी दाबाचे आकडे विचारले, तिनं ते सांगितले. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे. करा."

फोन ठेवून तिनं प्रवीणला विहीर बंद करायला लावली. मनसारामनं खिशातली बिडी काढून तिच्यापुढे केली. मग आपण कुठे बसलोय ते ध्यानात आल्यावर घाईघाईनं परत खिशात घातली.

मांडवात जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं. विहिरीचा जोड गळतो, विहीर बंद केली आहे, दुरुस्तीपर्यंत त्या कोपऱ्याजवळ काडी पेटवू नका. लोक रागावतील म्हणून ती तयारीनं गेली होती. प्रश्न पुष्कळ आले, आवाजही चढले. पण ऐन वादात बायनाबाई म्हणाल्या, "पोरगी खरं बोलून राह्यली, त तिच्यावरच काऊन वरडता?" आणि सभा दुरुस्तीच्या तारखेकडे वळली.

दुरुस्तीची माणसं बाहेरून आली. त्यांनी जोडाभोवती सिमेंट दाबून भरलं. कोपऱ्यातले बुडबुडे कमी होत होत थांबले. तलावाच्या मध्यावरचे मात्र चालूच राहिले. मनसाराम रोज डोंग्यातून ते दाखवायचा आणि संघप्रिया रोज चिखल म्हणायची. त्यांच्यात याच्यावरून रोज भांडण व्हायचं आणि दोघांनाही त्याची सवय झाली.

मग शेवटची तपासणी राहिली. प्रेमिलाबाईनं तिसऱ्यांदा गाव मांडवात बसवलं. एव्हाना ऊन तापायला लागलं होतं. लोक जेवून आले होते, आणि गप्प कसं बसायचं हे आता सगळ्यांना येत होतं. केबिनमध्ये संघप्रियानं विहिरीत पुन्हा दाब चढवला आणि वाट पाहिली. जोडापाशी रेघ नव्हती. ती कितीतरी वेळ पाहत बसली, दाब आणखी वाढवला, तरी नव्हती. तिनं डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली.

"झालं," ती म्हणाली. "सांगून ये त्यांना."

प्रवीण मांडवापर्यंत गेला आणि तिथूनच फोन केला, आवाज अगदी खाली आणून. "मॅडम, सारं गाव निजलं हाय. देवरावभाऊ, कोलू, सरपंचबाई खांबाले टेकून. मनसारामभाऊ त घोरून राह्यले. उठवू का?"

संघप्रियानं पडद्याकडे पाहिलं. पाळीवर एकही पाऊल नव्हतं, गिरणी बंद होती, आणि विहीर मुकाट होती.

"नको," ती म्हणाली. "झोपू दे."