एका सहीची नवरी

गोव्यात कायद्याचं लग्न दोन सह्यांचं. पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करणार, एवढंच सांगणं. मग काही दिवस जाऊ द्यायचे, कोणाची हरकत असेल तर ती यावी म्हणून. आणि दुसरी सही झाली की नवराबायको. डिचोलीच्या वत्सलेची पहिली सही झाली होती. दुसऱ्या सहीला ती हिरव्या साडीत, अंबाड्यात अबोली माळून, कचेरीच्या सोप्यावर ऊन डोक्यावर येईस्तोवर उभी राहिली. गोकुळदास आला नाही.

का आला नाही, ते तिन्हीसांजेच्या आत साऱ्या बाजाराला कळलं. त्याच्या आईने, विमलाने, पेडण्याच्या देवळात कौल लावला होता. देवाच्या अंगावर भिजल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, हात जोडून विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली होती. त्यात नवल नव्हतं. म्हैस घ्यायची तरी त्या घरात पाकळीला विचारत. नवल एवढंच, की पाकळी पडल्याचं वत्सलेला सांगायला कोणी आलं नाही.

गावाने तिला नाव दिलं, एका सहीची नवरी. त्या वर्षी चवथीला आळीतल्या बायकांनी फुगडीत नवी ओळ जोडली:

एका सहीची नवरी गो,
दुसऱ्या सहीक हरवली.

वत्सला भिंतीला टेकून ऐकत होती. तिने पदर खोचला, रिंगणात शिरली आणि त्याच चालीवर, त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत म्हणाली:

हरवली तर हरवली गो,
आपल्या पायान घरा आयली.

बायकांचे पाय चुकले. ती ओळ पुन्हा कोणी गायली नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

वत्सला बापाबरोबर खाजी करायची. बेसनाच्या तळलेल्या कांड्या मोठ्या कायलीत घालायच्या, वरून आलं घातलेला गुळाचा पाक ओतायचा, आणि पाक आळून पांढरट होईस्तोवर उलटत राहायचं. ओतणारा एक, उलटणारा दुसरा. ओतणाऱ्याचा हात जरा हलला की उलटणाऱ्याच्या मनगटावर फोड. बाप रामचंद्र ओतायचा, ती उलटायची. जत्रांच्या दिवसांत जत्रा, एरवी बुधवारचा डिचोलीचा बाजार. मागे चूल, पुढे दुकान.

सत्त्याऐंशी साल उजाडलं. दोन माणसं भेटली की आधी कोकणी-मराठीवरून भांडत, मग गोवा राज्य होणार म्हणून एकमेकांना चहा पाजत. त्याच दिवसांत गोकुळदास पेडणे-डिचोलीच्या कार्रेरीवर, म्हणजे आमच्या प्रवासी बसवर, चालक म्हणून आला. दर बुधवारी बस लावून तो खाजी घ्यायला यायचा. लग्न त्यानेही केलं नव्हतं. पहिल्या खेपेला वत्सलेने पुडी त्याच्या हातात न देता फळीवर ठेवली. नंतर कधीतरी ती हातात दिली गेली. रामचंद्र म्हणायचा, "ह्याच्या घरात इतके दात कोणाक आसत गो?" आणि वत्सलेला हसू यायचं. बसचा भोंगा ओळखू यायला लागला, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

एका बुधवारी तो आला तो तोंडभर हसत. पुडीसुद्धा मागितली नाही.

"आवयन परत कौल लायलो, वत्सला. उजवी पडली."

तिने उलथणं कायलीच्या काठाला लावलं.

"डावी पडली असती तर?"

त्याने उगाच खिशातले पैसे चाचपले.

"तर बस आयली असती, तू नाय."

"देवाचो शब्द गो तो."

"देवान लगीन करू नको म्हटला आसात. वत्सलेक सोप्यार उभी करून ठेव, असा देवान सांगूक नाय. ता तुझा."

शेजारची मिरच्या विकणारी कमल मिरच्या निवडायची थांबली. गोकुळदास हळू म्हणाला, ता माझा. खरा आसा. आणि बसकडे गेला. वत्सलेने पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, किती बांधू?

त्याने कारण सांगितलं नाही, आईवर ढकललं नाही, देवावर तर नाहीच. आठवडाभर ती हेच उलटत राहिली. पुढच्या बुधवारी तिनेच त्याला हाक मारली. पहिली सही पुन्हा करायला आपण तयार आहोत म्हणाली. पण मध्ये पाकळी नको. गोकुळदास म्हणाला, "आवयचो हात धरूक माका जमूचा नाय. पण पाय माझे आसत."

रामचंद्र त्या दिवशी जेवला नाही. एकदा हसं झालं ते पुरे नाही का, म्हणून विचारत राहिला. वत्सला भांडी घासता घासता म्हणाली, "हसणारे तेच आसत, बाबा. नवे आणूक नको."

मे महिन्यात पहिली सही झाली. वत्सला गुळाचा वास येणाऱ्या रोजच्या साडीत गेली. गावात तिच्यावर पैजा लागल्या म्हणे. मधले दिवस मात्र तिला एकटीलाच काढायचे होते. बाहेर ती ताठ मानेने हिंडे. घरात कांड्या तळताना तेलात बघे आणि तिला कचेरीचा तोच सोपा दिसे, तेच ऊन. गोवा राज्य झालं, फटाके फुटले, खाजी हातोहात संपली. लोकांनी तिला विचारलं, पहिली सही केंद्रशासित गोव्यात, दुसरी राज्यात, चालता काय गो? तिने सांगितलं, नवरा चालला तर सगळं चालतं.

सहीच्या आधीचा बुधवार आला. बस आली. चालकाच्या जागेवर दुसराच माणूस होता.

बाजाराने आधी बसकडे पाहिलं, मग वत्सलेकडे. कमलने उगाच मिरच्या झाकल्या. रामचंद्र हळूच म्हणाला, बंद करूया काय?

"चूल पेटली आसा. बंद कित्याक?"

पण तिचं उलथणं मध्येच थांबत होतं. गुठळ्या होऊ लागल्या. त्या तिने तशाच फोडल्या, एकेक.

दुपार कलली तेव्हा खनिजाच्या एका ट्रकातून गोकुळदास उतरला, कपाळापासून चपलांपर्यंत लाल धुळीत माखलेला. बाजारातून सरळ चालत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"आवयन आज परत कौल लायलो. मी देवळात तिच्या बाजूकच उभो होतंय. डावी पडली."

गिऱ्हाइकं जवळ सरकली.

"सांगूक आयलंय. त्या फेरेक सांगूक नाय. बस चुकली, म्हणून अस्नोड्यापासून ट्रक धरलो. परवा सहीक मी येतलंय. तू काय करतलंस, ता तू ठरव."

देव वत्सलेचाही होता. डाव्या पाकळीचं भय तिने आईच्या दुधाबरोबरच घेतलं होतं. ती त्याच्या धुळीने भरलेल्या पापण्यांकडे बघत राहिली. पळून जायला सोपा दिवस होता आज, बससुद्धा चुकली होती. आणि हा माणूस नकार हातात घेऊन उन्हातून आला होता.

"हात धू," ती म्हणाली.

त्याने धुतले. तिने बापाच्या हातातून पाकाचं भांडं घेतलं, उलथणं गोकुळदासकडे सरकवलं आणि ओतायला लागली. त्याने मनगट मागे घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती कचेरीत पोचली तेव्हा तो सोप्यावर आधीच उभा होता. कोपऱ्यात बाकावर विमला बसली होती, तोंड दुसरीकडे करून. वत्सला तिच्यासमोर जाऊन थांबली. म्हातारीने मान वळवली.

"डावी पडली गो चेडवा. माका भय वाटता."

"माका पण वाटता, आये," वत्सला म्हणाली आणि तिला उठवायला हात पुढे केला. "चला, भितर जावया."