राजम्मांचं ताबेलु

राजम्मांना 'हो' म्हणण्यात एकनाथरावांचा नफाच नफा होता. हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले होते. कचेरीतले निम्मे मराठी लोक औरंगाबादेकडे निघाले होते आणि कर्नूलहून आलेले कारकून काचीगुड्यात खोलीसाठी दारोदार फिरत होते. त्यातच शेजारच्या राजम्मा घराला कुलूप लावून मुलाकडे वरंगलला निघाल्या. घरामागे त्यांचा टांग्याच्या घोड्याचा जुना तबेला होता.

"मेरा ताबेलु संभालते क्या, रावसाब?" राजम्मांनी विचारलं.

तेलुगू माणूस बसला 'बस्सु' म्हणतो, तेव्हा तबेल्याला 'ताबेलु'च म्हणणार, हे एकनाथरावांनी लगेच ताडलं. "जान से बढको संभालतौं, अम्मा," ते म्हणाले, आणि मनातल्या मनात तबेल्याला चुना लावून त्यात कारकून बसवूनही मोकळे झाले.

सकाळी राजम्मांनी उंबऱ्यावर घमेलं ठेवलं. आत कासव. विहिरीचा गाळ काढताना दगड पडून त्याची पाठ तडकली होती. भेग सांधेपर्यंत कोरड्यात ठेवा, फक्त खायला घालताना उथळ पाण्यात, संक्रांत झाली की न्यायला येते, एवढं सांगून त्या रिक्षात बसल्या.

"ताबेलु म्हणजे कासव होय," कुसुमताई नवऱ्याला म्हणाल्या. "मिळाला की तबेला. भाडेकरूसकट."

"मूसी नदीत सोडून येतो."

"फुटक्या पाठीनं? जान से म्हणालात ना, घाला आता जान."

कासव मान बाहेर काढेना. भात नको, पालक नको. मेलं तर राजम्मांना काय तोंड दाखवायचं, या धास्तीनं एकनाथरावांचाही घास अडू लागला. शेवटी मोरीमागची ओली माती उकरून त्यांनी गांडूळ आणलं आणि कुसुमताईंच्या तांब्याच्या घंगाळात बोटभर पाणी घालून समोर धरलं. कासवानं गांडूळ घेतलं, सोबत बोटाची कातडीही.

"जेवला," रक्ताळलेलं बोट धरून ते घरात सांगत आले, पोरगा मॅट्रिक झाल्यासारखे.

संक्रांत झाल्यावर राजम्मा आल्या. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. भेग सांधली होती.

"अम्मा, कछवा म्हणाला असतात तर कळलं असतं," एकनाथराव म्हणाले.

"चार घरां में कछवाच बोली मैं," राजम्मा हसल्या. "चारों घर में मेहमान आनेवाले थे. आपको तेलुगू में पूछी."

राजम्मांना कासव मिळालं, कासवाला पाठ. कुसुमताईंचं घंगाळ आंघोळीतून बाद झालं. बाकी सगळं एकनाथरावांच्या खाती पडलं: बोटाची कातडी, न आलेला भाडेकरू, आणि रिक्षा वळेपर्यंत "रोज गांडूळ देओ, अम्मा, नहीं तो रूठता वो" असं भर गल्लीत ओरडत राहिल्याची लाज.